शेंगदाणा: ओल, बुरशी आणि भट्टीनंतरच्या चुका

प्रश्न : आमच्याकडे शेंगा फोडायच्या आदल्या रात्री ढिगावर पाणी मारतात. दाणा कमी फुटतो. यंदा खरेदीदाराने अफ्लाटॉक्सिन जास्त म्हणून माल परत पाठवला. आम्ही आधी तपासून घेतला तेव्हा अहवाल चांगला होता. खोटं कोण बोलतंय? (शेंगा उत्पादक, सोलापूर जिल्हा)

बहुधा कोणीच नाही. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीने तयार केलेलं विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, मोजक्या दाण्यांत साठलेलं असतं. एका बुरसलेल्या दाण्यात ग्रॅमला १ मिलिग्रॅमपर्यंत विष सापडलेलं आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा १० किलो स्वच्छ दाण्यांत मिसळला, तर सरासरी किलोला ५० मायक्रोग्रॅम भरते. आपल्याकडची मर्यादा पुढे प्रक्रियेला जाणाऱ्या दाण्यांसाठी १५ आणि थेट खाण्याच्या दाण्यांसाठी १० आहे. युरोपात थेट खाण्याच्या दाण्यांना फक्त ४. तुम्ही वरच्या पोत्यातली दोन मुठी पाठवली असेल आणि तो एक दाणा त्यात आला नसेल, तर अहवाल चांगलाच येणार. १५ टनांपेक्षा मोठ्या लॉटमधून युरोपच्या पद्धतीत १०० ठिकाणांहून मिळून २० किलो नमुना घेतात आणि तो दळून एकजीव केल्यावरच त्यातला भाग तपासतात. नमुना घेताना कंजुषी केली तर प्रयोगशाळा कितीही महागडी असून उपयोग नाही.

आता पाण्याचं. हे विष तयार करणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी मातीतच असते. शेंगा भरताना पावसाने ताण दिला आणि जमीन तापली, की ती शेतातच दाण्यात शिरते. तिथे तुमच्या हातात फार नाही. पाण्याची सोय असेल तर त्या टप्प्यात एखादी पाळी द्या. काढणीनंतरचं मात्र सगळं तुमच्या हातात आहे. वेल उलटे, शेंगा वर करून वाळवा, मग ताडपत्रीवर पातळ पसरा. शेंगेतला ओलावा ८ टक्क्यांवर आणि दाण्यातला ७च्या खाली आला पाहिजे. कानाशी शेंग हलवली की दाणा खुळखुळतो, ही जुनी खूण ठीकच आहे, पण ओलावामापक यंत्र आता फार महाग राहिलेलं नाही.

इतकं वाळवून वर पाणी मारणं म्हणजे सगळी मेहनत पुसून टाकणं. दाणा पुन्हा ओला होतो, शेंगा फोडताना त्याचं साल खरचटतं आणि तसाच तो गोणीत भरला जातो. २५ ते ३५ अंश तापमानाला बुरशीला दोन-चार दिवस पुरतात. (पाणी मारण्यामागे वजन वाढवायचाही हेतू असतो, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे.) दाणा फुटू नये म्हणून आधी शेंगा चाळून लहान-मोठ्या वेगळ्या करा, प्रत्येक आकाराला चाळणी बदला, फोडायच्या यंत्राची जाळी आणि ड्रममधलं अंतर त्याप्रमाणे लावा, ड्रमचे फेरे कमी करा. तरी थोडा दाणा फुटेल. फुटलेला वेगळा काढा, कारण बुरशी आधी तिथेच धरते. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब लावा.

एकदा विष तयार झालं की वाळवून, भाजून वा तळून ते जात नाही. भाजल्याने थोडं कमी होतं, एवढंच. म्हणून निवड हाच उपाय. लाल सालाखाली डाग लपतो. साल काढलेल्या दाण्यावर तो रंग पाहून निवडणाऱ्या यंत्राला किंवा पट्ट्यावर बसलेल्या बायकांच्या डोळ्यांना लगेच दिसतो.

प्रश्न : आमचा बचत गट पीनट बटर करतो. दाणे खरपूस भाजतो, दळणयंत्र रोज गरम पाण्याने धुतो. मग साल्मोनेलाची (जुलाब-ताप आणणाऱ्या जंतूची) भीती कशाला? (सातारा)

ते रोजचं गरम पाणीच आधी थांबवा. कोरड्या पिठात आणि तेलाच्या थरात जंतू वाढत नाहीत, नुसते पडून असतात. यंत्राच्या फटीत पाणी राहिलं की तिथे ते वाढतात आणि पुढच्या घाण्यात उतरतात. रोज खरवडणी, ब्रश आणि व्हॅक्यूमने कोरडी सफाई करा. धुणं भागच असेल तर सुटे भाग काढून वेगळ्या खोलीत धुवा, निर्जंतुक करा आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच जोडा.

नीट भाजलेल्या दाण्यातले साल्मोनेला मरतात. पण दाण्याचा रंग हा पुरावा नव्हे. ड्रम जास्त भरला तर मधले दाणे कमी तापतात, म्हणून घाण्याचं वजन, तापमान आणि वेळ ठरवून रोज नोंदवा. खरा घोटाळा भट्टीनंतर होतो. कच्च्या दाण्याची धूळ, तेच सूप, तीच चप्पल, गार करायचा पंखा कच्च्या गोण्यांकडून हवा ओढतोय, हे बघा. कच्ची बाजू आणि भाजलेली बाजू यांत भिंत हवी. दोन्हीकडची भांडी वेगळ्या रंगाची, माणसंही शक्यतो वेगळी.

बटरमध्ये शिरलेला जंतू कित्येक महिने जिवंत राहतो. तेलात तो उष्णतेलाही दाद देत नाही. ९० अंशांवर अर्धा तास ठेवूनही खात्री देता येत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ब्लेकली इथल्या पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाच्या कारखान्यात छताला गळती होती, कच्चा आणि तयार माल जवळजवळ ठेवत होते. २००८-०९ मध्ये ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली, ९ मेले. चाचणीत साल्मोनेला निघालेला माल पुन्हा तपासून, ‘निघाला नाही’ म्हणत पाठवला गेला होता. मालकाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या घाण्यात जंतू एकदा निघाला, तर तो घाणा गेला. पुन्हा तपासून सुटका शोधू नका.

प्रश्न : घाण्याच्या तेलात आणि पेंडीत हे विष येतं का? (नगर)

येतं. बरंचसं पेंडीत राहतं, पण गाळ असलेल्या न शुद्ध केलेल्या तेलातही उतरतं. रिफायनरीत क्षाराची प्रक्रिया होते तेव्हा ते निघून जातं. लाकडी घाण्याला ती सोय नाही, म्हणून दाणा निवडूनच घाला. बुरसट पेंड गाईला घातली तर विष दुधात अफ्लाटॉक्सिन एम-१ या बदललेल्या रूपात येतं, त्याची मर्यादा लिटरमागे साधारण अर्धा मायक्रोग्रॅम आहे. १९६० मध्ये इंग्लंडात लाखावर टर्की मेले तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळेच हे विष उजेडात आलं.

प्रश्न : कुटासाठी आणलेल्या दाण्यांत काही सुरकुतलेले, काळपट निघतात. भाजून वापरावेत का? (पुणे)

नको. सुरकुतलेले, काळपट, हिरवट पूड चढलेले, कडू लागणारे दाणे फेका, जनावराला किंवा पक्ष्यांनाही घालू नका. नुसता खवटपणा म्हणजे तेल खराब झाल्याची खूण, विषाची नव्हे. आणि विषाला स्वतःची चव नसते, त्यामुळे चव चांगली लागली म्हणून दाणा चांगला असं धरू नका. कूट थोडंच करा, कोरड्या चमच्याने काढा.