बग्ज बनी बाईचे कपडे घालतो, तेव्हा समोरच्याला ससा ओळखू कसा येत नाही?

तुम्ही विचारलेत दोन प्रश्न. एक वरचा. दुसरा खाली हळूच जोडलेला: तुमचा सात वर्षांचा मुलगा ओढणी गुंडाळून बग्ज बनीची नक्कल करतो, घरातली मोठी माणसं नाकं मुरडतात, तर ही कार्टून बंद करावीत का? पहिल्याचं उत्तर कुणीही देईल. दुसरा वाचला आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो.

पहिलं पटकन उरकतो. ओळखू येत नाही, कारण समोरचा बघतच नाही. 'हेअर ट्रिम्ड' घ्या, १९५३ सालचं, फ्रिझ फ्रेलेंगनं दिग्दर्शित केलेलं. योसेमिटी सॅम पेपरात वाचतो की एका विधवा म्हातारीला पाच कोटी डॉलर मिळालेत. झालं, स्वारी फुलं घेऊन दारात हजर. बग्जला डाव कळतो. तो आधी फ्रेंच प्रेमवीर बनून सॅमला आडवा जातो, द्वंद्वयुद्ध लावतो, आणि एवढ्यानं भागत नाही म्हणून स्वतःच म्हातारी होतो. तोंड सशाचं, पुढचे दोन दात सशाचे. पण सॅमला दिसतो फक्त झगा, आणि झग्यामागचे पाच कोटी. थेट चर्चमध्ये नवरदेव होऊन उभा राहीपर्यंत गडी शुद्धीवर येत नाही. यात गंमत अशी की सॅमचा आवाज मेल ब्लँकचा आणि बग्जचाही त्याचाच. एकाच गळ्यानं मागणी घालायची आणि त्याच गळ्यानं लाजायचं.

थोडक्यात, हसायचं कुणाला? नेसणाऱ्याला नाही, भुलणाऱ्याला. हे वाक्य मी १९८७ पासून आमच्या दादाला सांगतोय.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. शिमग्याला नमन, म्हणजे आमच्या कोकणातलं सोंगांचं लोकनाट्य. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, मृदंग वाजला की पोटात काय होतं ते. आमच्याकडे तेव्हा बायकांची सगळी सोंगं पुरुषच घ्यायचे. त्या वर्षी नेहमीच्या राधेला मुंबईहून रजा मिळाली नाही. मी एकोणीस वर्षांचा, अंगानं किडकिडीत, मिशी अजून सरळ वळणावर न आलेली. धरला मला. आजीचं लुगडं, काकीच्या बांगड्या, कुणाचं तरी गंगावन, आणि चोळीत दोन करवंट्या. मावशीचं काम करणारा आमचा शेजारी पन्नाशीचा, दाढी तशीच ठेवून पदर घ्यायचा. त्यानं मला एकच गोष्ट शिकवली: "चालताना बाई होऊ नको, थांबताना हो."

गौळण सुरू झाली. मथुरेच्या बाजाराला निघालोय, पेंद्या वाट अडवतोय. पुढच्या सतरंजीवर वरच्या वाडीत आलेला एक पाहुणा बसला होता. जन्म मुंबईचा, नमन पहिल्यांदाच बघत होता. त्यानं चिठ्ठी पाठवली, "राधेला अकरा रुपये." माइकवरून जाहीर झालं, मी कमरेत वाकून मुजरा केला. आता आमच्याच वाडीतला एक टगा, ज्यानं संध्याकाळी मला करवंट्या तासून दिल्या होत्या, त्यानं शांतपणे एकवीस पाठवले. पाहुणा चिडला. एकतीस! टगा आपला मिशीवरून हात फिरवतोय, कोपऱ्यातून मला डोळा मारतोय. पाहुण्याला वाटलं, डाव हातचा जातो. एकावन्न! साऱ्या मांडवाला कळलं होतं काय चाललंय. बायका पदर तोंडाला लावून लोळत होत्या. त्या गोंधळात गिरकी घेताना माझी डावी करवंटी बगलेत सरकली. पाहुणा तरीही मान डोलावतोय.

आणि ऐका, डाव्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ तसंच राहिलं होतं. काळा पट्टा, हिरव्या बांगड्यांच्या मधोमध. घागर सावरायला हात वर केला की ते बरोबर त्याच्या नाकासमोर यायचं.

सकाळी पाहुणा अंघोळबिंघोळ करून, भांग पाडून आमच्या अंगणात. काकीला विचारतो, "कालची राधा कुणाकडची?" काकीनं हातातला खराटा न थांबवता विहिरीकडे बोट केलं. मी पंचा गुंडाळून दात घासत होतो. डोळ्यातलं काजळ निघालं नव्हतं. त्यानं काजळ पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. माझ्याकडून हसू आवरलं नाही, तोंडातला फेस उडाला.

तुम्हाला वाटेल तोही हसला असेल. नाही. त्यानं पैसे परत मागितले. अकरा, एकतीस, एकावन्न, एकूण त्र्याण्णव रुपये. बक्षिसाचे पैसे मंडळाच्या पेटीत गेलेले, ते काही परत निघत नाहीत. तेव्हा दादानं, माझ्या थोरल्या चुलतभावानं, स्वतःच्या खिशातून मोजून दिले. आणि अख्ख्या वाडीसमोर मला म्हणाला, "घराचं नाक कापलंस." मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, कुणाला भुलवलं नव्हतं, गौळण चोख केली होती. पैसे उधळले पाहुण्यानं, आणि नाक आमचं गेलं! पुढच्या शिमग्याला मला संकासूर दिला. काळे कपडे, तोंडावर मुखवटा, म्हणजे कुणी भुलायचा प्रश्नच नको. राधा मी पुन्हा कधी झालो नाही.

पुढे नोकरीला मुंबईत आलो. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झालं, खोलीत केबल आली, आणि एका रविवारी 'रॅबिट सीझनिंग' लागलं. १९५२ चं, चक जोन्सचं. बग्ज बाई होऊन येतो, शिकारी एल्मर पाघळतो, आणि डॅफी डक ऊर फुटेस्तोवर ओरडून सांगतो की अरे, हा ससा आहे! गोळी कुणाला? डॅफीलाच. मी एकटाच खोलीत ओरडलो, "घड्याळ! घड्याळ बघ ना रे!"

दादाचं म्हणणं असायचं, हे विलायती चाळे. त्यांचे तर आहेतच. स्लॅपस्टिक हा शब्दच दोन फळ्यांच्या काठीवरून आला. इटलीतले जुने विदूषक ती वापरायचे, लागायची कमी आणि वाजायची जास्त. पण मावशी कुणाची? तमाशातली मावशी पुरुषच करत आला. अत्र्यांची 'मोरूची मावशी' लंडनच्या 'चार्लीज आंट'वरून आली, १८९२ सालच्या नाटकावरून, आणि ती बघायला दादा स्वतः एसटीनं रत्नागिरीला गेला होता. तिकीट काढून. त्यात मावशी झालेल्या विजय चव्हाणांचं नाव घेतलं की अजून हसतो. म्हणजे दुसऱ्याच्या घरातला माणूस नेसला तर कला.

तर तुमच्या मुलाचं. ओढणी द्या त्याला, चांगलीशी द्या. काळजी नाक मुरडणाऱ्यांची करा.

आता एक-दोन गोष्टी, नाहीतर म्हणाल माणूस आंधळा भक्त आहे. या कार्टूनमधली 'बाई' म्हणजे बऱ्याचदा पापण्या, ओठ आणि ठुमका, एवढीच असते. पुरुषांनी पुरुषांसाठी काढलेली. आणि पेपे ल प्यू, म्हणजे तो प्रेमवीर स्कंक (पाठीवर पांढरा पट्टा असलेला, दुर्गंधी सोडणारा प्राणी), मुलाला एकट्याला दाखवू नका. मांजरीच्या पाठीवर पांढरा पट्टा लागतो, त्याला ती स्कंकीण वाटते आणि तो तिला सोडतच नाही. त्यातल्या एकाला १९४९ सालचं ऑस्कर आहे, मान्य. पण तिथे ती खरंच सुटायला धडपडत असते, आणि सोंग तिनं घेतलेलं नसतं. हा फरक सात वर्षांच्या पोराला कळतो, शेजारी बसून सांगितला तर.

गेल्या गणपतीत गावी गेलो होतो. दादाचा नातू मोबाइलवर काहीतरी बघत होता, दादा चष्मा कपाळावर चढवून शेजारी. मी मागून डोकावलो, तर 'हेअर ट्रिम्ड'. सॅम म्हातारीसमोर आर्जवं करतोय आणि दादा मांडीवर थाप मारून म्हणतो, "दात दिसत नाहीत का या गाढवाला?"

मी म्हटलं, "दादा, आणि त्या पाहुण्याला घड्याळ?"

तो काही बोलला नाही. नातवानं विचारलं, कुठलं घड्याळ. दादानं चष्मा डोळ्यांवर घेतला, मोबाइल जरा स्वतःकडे वळवून घेतला. मी म्हटलं, "म्हणजे त्र्याण्णव रुपयांचा हिशेब आज मिटला."

"मिटला कसा?" दादा म्हणाला. "व्याज कोण देणार?"