किडीला औषधाची सवय लागते काय?

प्रश्न : आमच्या कोबीवर पहिल्यांदा औषध मारलं तेव्हा अळी साफ झाली, आता तेच औषध डबल मारलं तरी मरत नाही. किडीला सवय लागली म्हणायची काय? पोरगं म्हणतंय ही उत्क्रांती, पण ती तर लाखो वर्षांत होते की ओ?
– एक शेतकरी वाचक, कडोली (जि. बेळगाव)

उत्तर : पोराचं बरोबर आहे बघा. सवय एकेका अळीला लागत नाही, तिला औषध पचवायची गरज वाटली म्हणून ती बदलली असंही नाही, हजारो अळ्यांत दोन-चार आधीपासूनच थोड्या वेगळ्या असतात, बाकीच्या मरतात आणि ह्याच उरतात, मग पुढची पिल्लं ह्यांचीच. बदल आधी असतो, औषध फक्त निवड करतं. लुरिया आणि डेलब्रुक ह्या दोन शास्त्रज्ञांनी 1943 साली बॅक्टेरियावर हेच दाखवून दिलं.

आणि काळाचं म्हणाल तर वर्षं नाही, पिढ्या मोजायच्या. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या (ह्याचीच अळी कोबी खाते) आपल्या हवेत वर्षाला दहाच्या वर पिढ्या होतात! डीडीटी ह्या कीटकनाशकाला तो दाद देत नाही हे इंडोनेशियातल्या जावा बेटावर 1953 सालीच नोंदलं गेलं.

म्हणून डबल डोस मारू नका, मला ह्याची खरंच काळजी वाटते, त्यानं निवड अजून कडक होते. दुकानात नुसतं नाव नाही, औषधाचा गट बदलून मागा, म्हणजे किडीला वेगळ्या तऱ्हेनं मारणारं औषध, कारण वेगळ्या डब्यात तेच औषध असू शकतं. कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या 2 ओळी लावा, पतंग अंडी घालायला तिकडं जास्त जातो.