जुन्या डेस्कटॉपला 144 हर्ट्झचा मॉनिटर चालतो का? चालतो, माझा रोज चालतोय

तुमचा प्रश्न असा की 2013 च्या आसपासचा तिसऱ्या पिढीचा आय5 आहे, मागे व्हीजीए, डीव्हीआय नि एचडीएमआय आहे, 144 हर्ट्झचा (सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेतला तर चालेल का का आधी कॉम्प्युटरच बदलावा लागेल. भाऊ, कॉम्प्युटर बदलू नका. हे मी आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) मनात धरून बसलोय, आज तुम्ही विचारलं म्हणून सगळं लिहितो.

पाचोऱ्याला माझं फ्लेक्स आणि डीटीपीचं काम आहे. मशीन आय5-3470, एच61 बोर्ड, रॅम 8 जीबी, मधे एसएसडी टाकली, बाकी सगळं जुनंच. उन्हाळ्यात खान्देशात जे तापतं त्यात हे मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतं, दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारतो, थर्मल पेस्ट वेळेवर बदलतो, कधी त्रास नाही. जुना मॉनिटर गेला, नवा घ्यायचाच होता, 144 वाला थोडाच महाग होता म्हणून तो ठरवला. जळगावात एका दुकानदाराला मशीनची माहिती सांगितली तर तो ऐकूनच म्हणे की याला 144 लागणारच नाही, बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं बदला, आणि लगेच कागदावर तीस-पस्तीस हजाराचा हिशोब मांडून दिला. मी विचारलं नेमकं कशामुळे लागणार नाही, तर म्हणे "जुनं आहे ना". हे कारण झालं का?

खरं कारण पोर्टात असतं. 1080पी ला 60 हर्ट्झवर पिक्सेल क्लॉक (पडद्याचे ठिपके पाठवायचा वेग) 148.5 मेगाहर्ट्झ लागतो, 144 ला तोच सव्वातीनशेच्या आसपास जातो. तिसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सचा एचडीएमआय 225 ला थांबतो आणि सिंगल लिंक (एकेरी जोडणीचा) डीव्हीआय तर 165 लाच. म्हणजे नुसती महागातली केबल आणून काही होत नाही, बोर्डच तेवढं बाहेर सोडत नाही. एक गोष्ट नीट बघा, बोर्डावरच्या डीव्हीआय पोर्टाला पूर्ण 24 भोकं असतात, ते बघून लोक ड्युअल लिंक (दुहेरी) समजतात, पण आत जोडणी सिंगलचीच असते. व्हीजीएचा तर विचारच सोडा.

म्हणून ग्राफिक्स कार्ड घ्यायचं, बस. मी गोलाणी मार्केटात फिरून सेकंडहँड एनव्हिडियाचं 1050 टीआय घेतलं. 2016 चं कार्ड आहे, 75 वॅटमध्ये भागतं, म्हणजे बोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेतं, एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीज देणाऱ्या डब्यातून) वेगळी वायर लागत नाही (काही मॉडेलना 6 पिनचा कनेक्टर असतो, तो नसलेलं बघून घ्या). त्याला डिस्प्लेपोर्ट 1.4 (एचडीएमआयसारखाच पण वेगळा पोर्ट) आहे, 144 त्याला काहीच जड नाही. 750 टीआय पण चालेल पण त्याच्या एचडीएमआयवर 120 पर्यंतच मिळेल, 144 पाहिजे तर ड्युअल लिंक डीव्हीआय नाहीतर डिस्प्लेपोर्ट लागेल, आणि आताच्या मॉनिटरला डीव्हीआय बहुतेक नसतोच. आरएक्स 6400 नवीन मिळतं म्हणून कुणी देईल, ते जुन्या बोर्डात घेऊ नका, त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्डाच्या स्लॉटच्या) चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, आहेत, जुन्या स्लॉटात ते आणखी दबतं.

आता आखाजीचं. सासुरवाडी भडगावची, सगळ्या बहिणी माहेरी आलेल्या, मागून आम्ही जावई. आमरस नि मांडे चालू होते, मी सहज बोललो की नवीन मॉनिटर घेतला. आमचे मोठे साडू पुण्यात आयटीत आहेत, माणूस चांगला आहे पण कॉम्प्युटरचं निघालं की बाकी कोणाला काही कळतच नाही असं बोलतात. ते सगळ्यांसमोर म्हणे, "माणसाच्या डोळ्याला साठच्या वर काही दिसत नाही, आणि तुमच्या त्या मशीनवर तर ते होणंच शक्य नाही, दुकानदारानं फसवलं तुम्हाला." सासरे बसलेले, मेहुणा बसलेला. मी तिथे वाद वाढवला नाही, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन पाचोऱ्याला दुकानात आलो.

बॅनरची फाईल उघडली, मोठा मजकूर होता, आणि साडूंच्या पोराला म्हटलं हळूहळू स्क्रोल कर. आधी 60 वर. अक्षरांच्या कडा पुसल्यासारख्या होत होत्या, सरकताना नाव वाचता येत नव्हतं. मग 144 केलं, तोच मजकूर, तोच वेग, आणि पोरगं सरकता सरकता नावं मोठ्यानं वाचायला लागलं. सासरे खुर्ची ओढून जवळ बसले नि म्हणे, "कितलं भारी दिखस रे हाई!" साडू म्हणे, "हां, थोडा फरक आहे." थोडा नाहीये. 60 वर एक चित्र 16.7 मिलिसेकंद जागेवर थांबतं, 144 वर 6.9. आपला डोळा सरकत्या अक्षरामागे सरकत असतो आणि चित्र मात्र थांबलेलं असतं, म्हणून ते पसरट दिसतं. चित्र थांबायचा वेळ कमी केला की पसरणं कमी. यात डोळ्याला साठच्या वर दिसत नाही हे कुठून आलं मला समजत नाही, पण शिकलेली माणसं पण तेच बोलतात. आणि दुकानदारानं फसवलं म्हणत होते तर फसवत होता तो बोर्ड बदलायला सांगणारा, मॉनिटर विकणारा नाही.

बरं, तुमच्या कामाचं. केबल कार्डाच्या पोर्टात लावा, बोर्डाच्या नाही. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टवर रबरी टोपण असतं ते काढा. कार्डाचा एचडीएमआय नि मॉनिटरचा डिस्प्लेपोर्ट अशी साधी जोडकेबल चालत नाही, ती उलट्या दिशेनंच चालते, डिस्प्लेपोर्टातून निघून एचडीएमआयला. लावल्यावर विंडोज बहुतेक वेळा 60 वरच ठेवतं, सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन 144 निवडावं लागतं. निम्मे लोक इथेच अडकतात नि मॉनिटर खराब म्हणून परत करतात.

एक राहिलंच, गेम खेळायच्या असतील तर मॉनिटर 144 दाखवेल पण तितक्या फ्रेम हा प्रोसेसर जड गेममध्ये काढणार नाही, ते खोटं नाही सांगत. हलक्या गेम, स्क्रोलिंग, डिझाइन यात मात्र पैसे वसूल. दुसरं, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि तिसऱ्या पिढीला विंडोज 11 अधिकृत चालत नाही, नेटबँकिंग करत असाल तर याचा विचार करा, पण तो मुद्दा वेगळा आहे, मॉनिटरशी त्याचा संबंध नाही. साडूंनी पण शेवटी हाच मुद्दा काढला होता, आधीचं खोटं पडल्यावर.

आणि कंपनीचा बारका चपटा डेस्कटॉप असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड आत बसतच नाही, लो प्रोफाइल (कमी उंचीचं) लागतं. तुम्ही बोर्डाचं मॉडेल, एसएमपीएसवरच्या स्टिकरचे आकडे नि कॅबिनेटचा मागून काढलेला फोटो टाका, कोणतं कार्ड घ्यायचं ते सांगतो.