अमेरिकेतली रेडिओ स्टेशनं नोव्हेंबरपासूनच ख्रिसमसची गाणी का लावतात? लोकांना वीट येत नाही का?

येतो की! मी शिकागोजवळ राहतो. २०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, आम्ही चकल्यांचा डबा घेऊन मित्राकडे फराळाला निघालेलो आणि गाडीत ९३.९ लाईट एफएमवर स्लेजची घुंगरं वाजतायत. बायको म्हणाली बंद कर ते, मागून लेक ओरडली नको, राहू दे. राहिलं. सगळा धंदा त्या 'राहू दे'वर चालतो बघा.

इथे कोण काय ऐकतं ते नील्सन नावाची कंपनी मोजते. आधी लोक डायरीत लिहून द्यायचे, मग २००७ पासून मोठ्या शहरांत मीटर यायला लागले, पेजरएवढं यंत्र, निवडलेल्या लोकांनी दिवसभर अंगावर बाळगायचं. स्टेशनच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारा कोड मिसळलेला असतो, तो ते पकडतं. आता गंमत अशी की तुम्ही स्वतः स्टेशन लावलंय की दाताच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघत बसलाय आणि तिथे ते चालू आहे, याच्याशी यंत्राला काही देणंघेणं नाही. कानावर पडलं की मोजलं. आणि दुकानं, सलून, रिसेप्शन, बऱ्याच ठिकाणी डिसेंबरात हेच चालू असतं कारण त्यावरून भांडण होत नाही. म्हणून एरवी मवाळ गाणी लावणाऱ्या स्टेशनचा ऐकणाऱ्यांमधला वाटा या दिवसांत दुप्पटही होतो.

मग घाई कसली? एकाच शहरात दोघांनी लावलं तर ऐकणारे वाटले जातात, आणि जो आधी लावतो तोच 'ख्रिसमसवालं स्टेशन' म्हणून लोकांच्या डोक्यात बसतो. त्यामुळे तारीख गुपचूप ठेवायची, एकाने यंदा आठवडाभर आधी लावलं की पुढच्या वर्षी दुसरा त्याच्याही आधी. २००१ मधे ९/११ नंतर लोकांना जरा जिवाला बरं वाटेल असं काहीतरी हवं होतं, तेव्हा हे प्रकरण आणखी वाढलं.

शिवाय नवीन गाणी लागतच नाहीत. ब्रेंडा लीने १३ व्या वर्षी, १९५८ मधे गायलेलं ख्रिसमसचं गाणं २०२३ च्या डिसेंबरात बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, तेव्हा बाई ७८ वर्षांच्या होत्या! जाहिरातवाल्यांना अर्थात कळतं की हे आकडे सणाचे आहेत, नील्सनच्या वर्षाच्या १३ रिपोर्टांमधला एक खास 'हॉलिडे'चाच असतो. पण सणापुरते आलेल्या ऐकणाऱ्यांतले थोडे जानेवारीत टिकले तरी स्टेशनला पुरतं.

(आणि एखाद्या पडेल स्टेशनने ऑक्टोबरातच ही गाणी लावली तर समजायचं की ते बंद होऊन तिथे दुसरंच काहीतरी येतंय, मधला वेळ भरून काढतायत.)

२६ डिसेंबरला सकाळी गाडी काढली तर ९३.९ वर परत ऐंशीच्या दशकातली गाणी. लेक म्हणाली, बाबा हे कुठलं स्टेशन लावलंस?