चिपवरची इम्युनोअसे आणि मे महिन्याची दुपार

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पीडीएमएसच्या (पारदर्शक सिलिकॉन रबराच्या) चिपवर सँडविच इम्युनोअसे (दोन अँटिबॉडींमध्ये अँटिजेन पकडून चमकेवरून मोजण्याची चाचणी) करतोय. चॅनेल १०० मायक्रोमीटर रुंद, ५० खोल, २० मिलिमीटर लांब. सकाळी ठीक चालतं. दुपारी बुडबुडे येतात आणि ब्लँकही (अँटिजेन नसलेला नमुना) चमकतो. – एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तुमच्या चॅनेलमध्ये मावतो जेमतेम ०.१ मायक्रोलिटर द्रव. पीडीएमएसमधून हवा आणि वाफ दोन्ही आरपार जातात, त्यात नागपूरचा मे! इनलेटमधलं पाणी उडतं, क्षार आणि अँटिबॉडी घट्ट होत जातात. कूलरचा झोत चिपवर येत असेल तर आधी तो वळवा. इन्क्युबेशनला चिप ओल्या टिश्यूसह झाकणबंद पेट्री डिशमध्ये ठेवा.

बुडबुड्यांचं दुसरं कारण फ्रिजमधला बफर. थंड द्रवात हवा जास्त विरघळलेली असते. तो तापला की ती चॅनेलमध्येच सुटते. पीबीएस (हाच तो बफर, फॉस्फेट आणि मिठाचं द्रावण) खोलीच्या तापमानाला आणून व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये अर्धा तास ठेवा. अँटिबॉडीचं द्रावण मात्र तिथे ठेवू नका, फेस होतो. कोरडं चॅनेल आधी ७० टक्के इथेनॉलने भिजवा, मग भरपूर पीबीएस. हे अँटिबॉडी बसवण्याआधीच. नंतर इथेनॉल गेलं तर ती बिघडलीच म्हणून समजा. कोटिंगवरून बुडबुडा सरकला असेल, तर त्या चॅनेलचा आकडा सरळ सोडून द्या.

ब्लँक चमकतो, कारण प्लाझ्माची (विद्युतभारित वायूची) प्रक्रिया केल्यावर पाणी धरणारा पृष्ठभाग काही तासांतच पुन्हा पाणी झटकू लागतो. उष्णतेत हे लवकर होतं, आणि अशा भिंतीला प्रथिनं वाटेल तशी चिकटतात. प्लाझ्मा केला त्याच दिवशी कोटिंग करा. १ टक्का बीएसएने (गायीच्या रक्तातलं प्रथिन) तासभर ब्लॉकिंग, म्हणजे भिंतीच्या रिकाम्या जागा झाकणं, मग ०.०५ टक्के ट्वीन-२० (सौम्य डिटर्जंट) घातलेला पीबीएस मिनिटाला ५ मायक्रोलिटर वेगाने दोन मिनिटं. डिटेक्शन अँटिबॉडी (चमक देणारी दुसरी अँटिबॉडी) न घातलेलं चॅनेलही चमकलं, तर दोष ब्लॉकिंगचा नाही. चमक मोजणारं उपकरण आणि चिपची स्वतःची चमक तपासा.

प्रश्न : नमुना भरून नुसता थांबवला तर चालेल? – तोच वाचक

उत्तर : अंतराचा प्रश्न नाही, ५० मायक्रोमीटर ओलांडायला आयजीजीसारख्या (नेहमीच्या अँटिबॉडीएवढ्या) मोठ्या रेणूलाही अर्धा मिनिट पुरतं. अडतं ते संख्येवर. १ पिकोमोलर इतकं विरळ अँटिजेन असेल तर ०.१ मायक्रोलिटरमध्ये रेणू साधारण ६० हजारच. १० मायक्रोलिटर नमुना मिनिटाला अर्ध्या मायक्रोलिटरने सोडा; २० मिनिटांत ६० लाख रेणू चॅनेलमधून जातील.