रेकॉर्ड धुतली आणि करकर वाढली
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : जुन्या एलपी (लाँग-प्ले) रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटर आणि मेडिकलमधल्या स्पिरिटने धुऊन फडक्याने कोरड्या केल्या. दिसायला चकाचक, पण करकर आधीपेक्षा जास्त. असं का? — एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : घाण सुटली, पण बाहेर पडली नाही. एलपीची खाच जेमतेम केसाच्या जाडीची. फडकं वरची कड पुसतं, तळापर्यंत पोचत नाही. सुटलेली माती पाण्याबरोबर तळाशी जाते आणि पाणी उडालं की तिथेच बसते. मग सुई ती खणून काढते. एक बाजू वाजवल्यावर सुईच्या टोकाला राखाडी लव चिकटलेली दिसली, तर दुखणं हेच.

आधी द्रव बदला. मेडिकलच्या स्पिरिटमध्ये आणखी काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. सॅनिटायझर तर नकोच, त्यातलं ग्लिसरीन खाचेत चिकटून राहतं. अर्ध्या लिटरसाठी 400 मिली डिस्टिल्ड वॉटर, 100 मिली 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॅमेऱ्याची फिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे तीन-चार थेंब घ्या. हे थेंब नसतील तर पाणी रेकॉर्डवर मण्यांसारखं गोळा होतं, खाचेत उतरतच नाही. फेस आला तर थेंब जास्त झाले. नळाचं किंवा बोअरचं पाणी शेवटच्या धुण्यालाही नको. वाळल्यावर क्षार मागे उरतात. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा हे काम गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब करा.

आता पद्धत. कार्बन फायबरच्या ब्रशने सुटी धूळ कोरडीच काढा, नाहीतर तिचा चिखल होतो. लेबल 10 सेंटीमीटरचं असतं. त्याहून किंचित मोठं डब्याचं झाकण वर दाबून धरलं की ते भिजत नाही. रेकॉर्ड टॉवेलवर ठेवा, वाजवायच्या टर्नटेबलवर नको. द्रव टाकून बकरीच्या केसांच्या मऊ, चपट्या ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा : तीन-चार फेऱ्या सुलट, तितक्याच उलट. मधून कडेकडे आडवा ब्रश कधीच ओढू नका.

खरी मेख पुढे आहे. द्रव वाळायच्या आत मायक्रोफायबरने टिपून घ्या. घासू नका, टिपा. मग नुसतं डिस्टिल्ड वॉटर, दुसरा ब्रश, दुसरं कापड. हे दुसरं धुणं लोक टाळतात आणि दोष द्रवाला देतात. बाजू पालटताना टॉवेलची कोरडी घडी वर घ्या, नाहीतर धुतलेली बाजू पहिल्या बाजूच्या घाणीवर पडते. शेवटी ताटाळ्यात उभी करून अर्धा तास ठेवा. पंखा बंद, उन्हात तर मुळीच नको, रेकॉर्ड वाकते.

प्रश्न : आजोबांच्या 78च्या (मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या) तबकड्या याच द्रवाने धुतल्या तर चालतील? — शाहूपुरी

उत्तर : नाही! त्या बहुतेक लाखेच्या असतात आणि अल्कोहोल लाख विरघळवतं. एकदा वापरलं की तबकडी गेलीच. आपल्याकडे साठच्या दशकातही 78 निघत होत्या, त्यामुळे गाणं नवं म्हणून तबकडी व्हिनाइलची, म्हणजे एलपीसारख्या प्लॅस्टिकची, असं धरू नका. डिस्टिल्ड वॉटर आणि वेटिंग एजंटचा एखादा थेंब पुरे. भिजत ठेवू नका, लगेच टिपा. तडा गेलेल्या ठिकाणी पाणी आत शिरतं.

प्रश्न : फेव्हिकॉल लावून सोलला की सगळी घाण निघते म्हणे? — मंगळवार पेठ

उत्तर : थर जाड आणि अखंड असेल, पूर्ण वाळला असेल, तर निघते. पण सोलताना फाटला की तुकडे खाचेत अडकतात. कोल्हापूरच्या जुलैतल्या हवेत तो नीट वाळायचाही नाही. आमचं मत : नको. लाखेच्या तबकडीवर तर अजिबात नको.

प्रश्न : पावसाळ्यात एलपीवर पांढरे ठिपके येतात. — रंकाळा परिसर

उत्तर : बुरशी आहे. तोंडाला मास्क लावून गॅलरीत झाडा, मग वरच्याच द्रवाने धुवा. मात्र ब्रश फिरवण्याआधी द्रव मिनिटभर राहू द्या. आतलं जुनं कागदी पाकीट टाकून द्या, नाहीतर तीच बुरशी परत येते. नवं पाकीट पॉलिथिनच्या अस्तराचं घ्या. मऊ पीव्हीसीचं घेतलंत तर रेकॉर्डवर धुरकट डाग पडतो. बाहेरचं कव्हर ओलं करू नका, कोरड्या ब्रशने झाडा. कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि रेकॉर्ड उभ्याच ठेवा.