खाडीकाठच्या नव्या शिक्षकास पत्र

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

दाभोळ खाडीकाठच्या शाळेत निसर्गाचा तास तुझ्याकडे आल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. सुरुवात कासवापासून करावी की मगरीपासून, असे तू विचारले आहेस. माझे स्पष्ट मत असे की ती निवट्यापासून करावी.

हा लहानसा मासा पुढच्या परांच्या आधाराने चिखलावर सरकतो आणि ओल्या कातडीतून श्वास घेत ओहोटीचे तास उघड्यावर काढतो. तुझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेला असेल, काहींनी खाल्लेलाही असेल. घरात ठाऊक असलेल्या गोष्टीला शाळेत मान मिळाला की एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. चिंबोरीची मादी पोटावरच्या रुंद झडपेवरून ओळखावी, हे तीच तुला सांगतील. त्या झडपेखाली मादी अंडी सांभाळते, म्हणून अंड्यांवरची मादी पाण्यात परत सोडावी, हे तू त्यांना सांग.

खाडीवर नेण्याची वेळ भरती-ओहोटी पाहूनच ठरव. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी. हे गणित वर्गातल्या कोळ्यांच्या मुलांना बहुधा तुझ्याआधीच येत असेल. वर्षभर एकाच जागी जात राहा. उधाणाच्या ओहोटीला तिथला चिखल दूरवर उघडा पडतो आणि तुतवार पक्षी त्यात चोच खुपसून किडे टिपतात, भांगाच्या दिवसांत मात्र त्यांच्या वाट्याला थोडीच जागा येते, हा फरक मुलांनी स्वतः पाहिला पाहिजे. तिथेच तिवराच्या पानाला जीभ लावायला सांग. ते खारट लागते, कारण हे झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजून शेंगेसारखे लोंबते, तेही दाखव.

कासवे हिवाळ्यानंतर आण. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि ग्रामस्थांनी ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी राखली, ही गोष्ट आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलीच आहे आणि ती अभिमानाने सांगावी. वाळूच्या उष्णतेवरून पिल्लू नर की मादी हे ठरते, हे ऐकून मुले थक्क होतात. त्याहून मोठे नवल म्हणजे २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. भारताचा नकाशा फळ्यावर काढून तिचा मार्ग कसा गेला असेल, याचा अंदाज मुलांनाच बांधू दे.

वाशिष्ठी नदीतल्या मगरी मात्र पुलावरून किंवा उंच, सुरक्षित जागेवरूनच दाखवाव्यात, आणि काठाशी एकही मूल जाऊ देऊ नये. मगर ऊन खाण्यासाठी काठावर येते, हे समजले की भीतीच्या जागी सावधपणा येतो.

आणखी एक गोष्ट फार जपून कर. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तिचे कारण सांगताना ज्यांच्या घरची चूल जाळ्यावर चालते, त्या मुलांकडे आरोपाच्या नजरेने पाहू नकोस. मासळी कमी झाल्याचे त्यांच्या आईवडिलांना सर्वांत आधी जाणवते. त्यांना शाळेत बोलाव, पूर्वी कोणती मासळी कुठे मिळत असे ते विचार, आणि मुलांकडून ते वहीत उतरवून घे.

तुझा,
एक जुना शिक्षक